अम्माचा गौडा

एकशे चौदा सिनेमांत रुद्राणी इळकल आई झाली, आणि त्या एकशे चौदांच्या एकशे चौदा पोरांनी तिला रडवलं. कुणी बायकोचं ऐकून घराबाहेर काढलं, कुणी फासावर चढलं, कुणी मुंबईला पळून जाऊन गुंड झालं. बेंगळूरच्या दिग्दर्शकांना तिची इतकी सवय झाली होती की कथा सांगायचे कष्टही ते घेईनासे झाले. "अम्मा, मुलगा येतो, तुम्ही दारात उभ्या, बाकी तुम्हाला ठाऊकच आहे." तिला ठाऊक असायचंच. ग्लिसरिनची बाटली तिच्यासाठी कधी उघडावी लागली नाही. एका कॅमेरावाल्याने तर एकदा सांगितलं, "अम्मा, लाइट उजवीकडून आहे, तेवढं उजव्या डोळ्यातून आधी येऊ द्या," आणि तिने येऊ दिलं. सगळ्या युनिटने टाळ्या पिटल्या. पुढे कुणी त्या गोष्टीचं कौतुक केलं की ती म्हणायची, "त्यात काय मोठं? नळाचं काम आहे ते."

अशी ही बाई वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बनशंकरी देवीच्या जत्रेत नाटक कंपनीत काम करायला तयार झाली, आणि तीही एका अटीवर. कंपनीचा मालक दुंडप्पा अमीनगडच्या करदंटूचे, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या वड्यांचे, दोन डबे घेऊन बेंगळूरला तिच्या घरी गेला होता. जत्रेत यंदा अकरा कंपन्यांचे तंबू पडणार, सगळ्यांनी टीव्हीवरची तोंडं ठरवलेली, आणि दुंडप्पाकडे काय, तर फाटका पडदा आणि वडिलांची पुण्याई. एक महिना अम्माने आपल्या तंबूत आईचं काम करावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"येईन की," रुद्राणी म्हणाली. "पण आई करणार नाही. गौडा करीन."

गौडा म्हणजे आमच्याकडचा गावचा पाटील. दुंडप्पाने हातातला चहा खाली ठेवला. "म्हणजे गौडाची बायको ना, अक्का?"

"ऐकू तुला कमी येतं की मला?"

"अहो, पण गौडा म्हणजे... मिशी... पटका..."

"मग? मिशी काय तू पाळून ठेवलीयेस?"

आता दुंडप्पाचीही चूक नव्हती म्हणा. त्याला सिनेमातली अम्मा माहीत होती. त्याआधीची रुद्राणी त्याने पाहिली नव्हती. ती सतराव्या वर्षी बायकांच्या नाटक कंपनीत आली तेव्हा तिचा आवाज ऐकून मालकीणबाई म्हणाली होती, "ही पोरगी नायिका झाली तर नायकानं काय करायचं?" त्या कंपनीत सगळ्या बायकाच. राजाही बाई, चोरही बाई, फौजदारही बाई. तेरा वर्षं रुद्राणीने साडी म्हणून स्टेजवर नेसली नाही. गदगला एका शाळामास्तरणीने तिच्या राजपुत्राला तीन पत्रं लिहिली होती. आणि तिचा गौडा! तो बघून हुनगुंदचा एक खराखुरा गौडा पहिल्या रांगेतून ओशाळून उठून गेला होता, हे आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात. मग कंपनी मोडली, ही बेंगळूरला गेली, एका दिग्दर्शकाने तिचा चेहरा मिशीशिवाय पाहिला आणि म्हणाला, "काय करुण डोळे आहेत हो!" झालं. त्या दिवसापासून ती जगाची आई.

"दुंडप्पा, हे बघ," ती म्हणाली. "मी मेले की पेपरात काय छापून येणार ते मला आत्ताच पाठ आहे. आईच्या भूमिका अजरामर करणाऱ्या, आणि खाली माझा रडका फोटो. आईचं वाईट वाटत नाही मला, तिनं मला जेवू घातलं. पण माझ्यात तो एक दांडगा म्हातारा बसलाय, त्याला कुणीच बघितलेला नाही. ज्यांनी बघितला ते बहुतेक ढगात गेले. मला तो एकदा लोकांना दाखवायचाय. जत्रेचा पहिला खेळ मला दे. लोकांनी माझ्यात गौडा बघितला, तर महिनाभर गौडाच करीन. नाही बघितला, त्यांना अम्माच दिसली, तर दुसऱ्या दिवसापासून तू म्हणशील तितकं रडते. दिवसाला दोन खेळ रडते. बोल."

दुंडप्पाने मनातल्या मनात हिशेब केला. एक खेळ पडेल, उरलेला महिना गर्दी हटणार नाही. तो खूश होऊन हो म्हणाला, आणि एक करदंटू स्वतःच खाऊन टाकला.

जत्रेचा पहिला दिवस उजाडला. कलाकारांसाठी तंबूमागे ताडपत्रीच्या खोल्या केल्या होत्या. रुद्राणीच्या खोलीसमोर सकाळी सातपासून बायकांची रांग. इळकल साड्या, हातात तबकं, त्यात खण, नारळ, पानसुपारी. अम्माची ओटी भरायची. एकेक बाई आत यायची, ओटी भरायची, पाया पडायची आणि पडता पडता रडायला लागायची. "अम्मा, माझा धाकटा पण तुमच्या त्या पिक्चरमधल्यासारखा निघाला बघा." एका म्हातारीने तर तिचे दोन्ही गाल हातात धरले आणि म्हणाली, "किती सोसलंस गं बाई!"

रुद्राणी कुणाला हसली नाही. प्रत्येकीला नाव विचारलं, गाव विचारलं. हे प्रेम खोटं असतं तर तिला सोपं गेलं असतं. ते खरं होतं, हीच तर पंचाईत.

रांग संपली आणि ती ओटीतले तांदूळ पोत्यात ओतत होती, तेवढ्यात बाहेरून जीप गेली. जीपच्या टपावर कर्णा, कर्ण्यात दुंडप्पाचा मेहुणा.

"आज दुपारी ठीक तीन वाजता! सगळ्या कर्नाटकाची लाडकी अम्मा! पडद्यावर नाही, प्रत्यक्ष तुमच्यासमोर रडणार! पोरीसाठी दार उघडणार! रुमाल घरून आणा, तंबूत मिळणार नाहीत!"

पोतं तिथेच टाकून रुद्राणी बाहेर आली. दुंडप्पा तिकिटाच्या खिडकीशी उभा होता. तिला येताना बघून तो खिडकीच्या मागे जायला लागला, पण खिडकीला मागे नव्हतंच, नुसता तट्टा होता.

"ये इकडं," ती म्हणाली. "हे काय ओरडत फिरतोय तुझा मेहुणा?"

"अक्का, रागावू नका. अकरा तंबू आहेत. शेजारच्यानं दोन विनोदी नट आणलेत, ते नुसते उभे राहिले तरी लोक हसतात. अम्मा मिशी लावून येणार असं ओरडलो, तर येईल कोण? एकदा आत आले की मग बघू."

"म्हणजे तू त्यांना पुरणपोळीचं आवतन दिलंस, आणि मला सांगतोस पानात ठेचा वाढ."

"तसं नाही अक्का. फक्त तेवढ्या दाराच्या प्रवेशात थोडंसं रडा. गौडा झाला तरी बापच की. बापाला काळीज नसतं का?"

"असतं ना. पण गौडानं रडून दार उघडलं तर तिसरा अंक कशाला करायचा? पोरगी घरात, नातू पाळण्यात, लोकांनी काय पडदा बघत बसायचं?"

दुंडप्पाने गळ्यातल्या टॉवेलने मान पुसली. नाटक त्याच्या वडिलांचंच होतं आणि त्याला ते तोंडपाठ होतं. गौडाची एकुलती एक पोरगी मेंढपाळाच्या मुलाशी लग्न करून जाते. वर्षाने नवरा मरतो, ती तान्हं पोर घेऊन बापाच्या दारात येते. गौडा दार उघडत नाही. एवढंच नाटक. आणि नेमकी अशीच पोरगी रुद्राणीच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमात दारात येते, तेव्हा अम्मा नवऱ्याचा हात झिडकारते, गाणं म्हणत, रडत दार उघडते. त्या गाण्याच्या कॅसेटी जत्रेत दर दुसऱ्या दुकानात वाजत होत्या. म्हणजे बघा, प्रेक्षक जे बघायला येणार होते त्याच्या बरोबर उलटं तिला करायचं होतं, त्याच दारात उभं राहून.

ती तडक राजेसाब मास्तरांकडे गेली. मास्तर पायपेटीचा भाता पुसत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी या कंपनीत पेटी वाजवली, आणि कंपनीचा एक कायदा त्यांच्याच तोंडून सगळे शिकले होते. पेटीने सूर दिला की नटाने तो घ्यायचा. वाद घालायचा असेल तर पडदा पडल्यावर, प्रेक्षकांसमोर नाही.

"मास्तर, दाराच्या प्रवेशात पेटी नको."

"लिहिलेली नाहीच आहे," मास्तर म्हणाले. "पण अक्का, खोटं कशाला बोलू? मी लोकांचा नोकर. लोकांनी ओरडून मागितलं की माझी बोटं मला विचारत नाहीत. जन्म गेला याच खोडीत."

"मग बोटं बांधून ठेवा."

"त्यापेक्षा तुम्ही त्यांना घाबरवा की," मास्तर हसून म्हणाले. "गौडा आहात ना?"

दोन वाजता ती आरशासमोर बसली. गोंद लावला, मिशी लावली, भुवया जाड केल्या. धोतर तिने स्वतः नेसलं, कुणाची मदत घेतली नाही, आणि पटका बांधायला लागली तेव्हा हात आपोआप फिरत गेले. पोरीचं काम करणारी वीणा गुळेदगुड्ड शेजारी बसून पावडर लावत होती आणि तोंडाने अखंड बडबड चालू. "अक्का, मिशीत तुम्ही आमच्या मामांसारख्या दिसता, खरंच, मामांना फक्त एक डोळा..." रुद्राणी उठून उभी राहिली. घसा साफ केला. मोठ्याने नाही, दार उघडायच्या आधी माणूस करतो तसा. वीणाची बडबड थांबली आणि तिने पदर डोक्यावर घेतला. आपण पदर घेतला हे तिचं तिलाही कळलं नाही.

'ठीक आहे,' रुद्राणी मनात म्हणाली. 'एक तर झाली. बाहेर आता दोन-तीन हजार असतील.'

तीन हजारांच्या वरच होते. तंबूच्या कनाती वर करून बाहेरही माणसं उभी. पडदा उघडला, नांदीला सगळे कलाकार ओळीने उभे राहिले, आणि मधोमध पटका-मिशीतली अम्मा बघून तंबूत असा हशा पिकला की देवाचं नाव कुणाला ऐकू गेलं नाही. "अम्मा, मिशी वाकडी झाली गं!" "अम्मा, बाबा कुठं गेले?" शिट्ट्या, टाळ्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणी वाईट मनाने हसत नव्हतं, तेही सांगायला हवं. घरातल्या म्हातारीने नातवाची टोपी घातली तर हसतात, तसं हसत होते.

पहिला अंक तिने खालच्या पट्टीत काढला. आमच्याकडे गौडाचं काम म्हटलं की नट काठी आपटतो, मिशीला पीळ देतो, कर्णा फुटेस्तोवर ओरडतो. तिचा गौडा ओरडला नाही. खरा गौडा कधी ओरडतो का? ओरडायला त्याने माणसं ठेवलेली असतात. तो हळू बोलायचा, आणि बोलणं संपलं की समोरच्याकडे बघायचा नाही, कारण काम झालेलं असणार हे त्याला माहीत. पुढच्या चार-पाच रांगा हळूहळू गप्प झाल्या. पण मागून मधूनच कुणीतरी ओरडायचं, "अम्मा, रड की गं! रुमाल आणलाय!" की पुन्हा सगळा तंबू हसायला मोकळा.

पहिला अंक संपल्यावर दुंडप्पा आत आला. तोंडावर काळजी होती, पण डोळ्यांत उद्याची गर्दी दिसत होती. "अक्का, कमाल केलीत. पण लोक गंमत म्हणून बघताहेत हो."

"गंमत म्हणून तर गंमत म्हणून. बघताहेत ना? तू जा, पान खा."

तो गेला आणि तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. लोकांची भीती नव्हती, लोक तिने जन्मभर पाहिले होते. भीती स्वतःच्या डोळ्यांची होती. तीस वर्षं दार दिसलं, दारात पोर दिसलं की हे डोळे वाहायला शिकले होते. एकशे चौदा वेळा. आणि आता समोर तेच दार, तीच पोरगी, कडेवर तेच पोर. त्यात तीन हजार माणसं इतक्या मायेने मागणार. मायेने मागितलेलं नाही म्हणायला हिंमत लागते, शिव्यांना नाही म्हणणं त्यामानाने सोपं.

दुसरा अंक. स्टेजच्या मधोमध दाराची चौकट, एका बाजूला गौडाची ओसरी, दुसऱ्या बाजूला बाहेरचं अंगण. वीणा अंगणात आली. विस्कटलेले केस, कपाळ पांढरं, कडेवर चिंध्यांचं बाळ. तिने दाराला हात लावला.

"अप्पा..."

सगळा तंबू पुढे सरकून बसला. हीच जागा. याच्यासाठीच तर तिकीट काढलं होतं. बायकांनी पदर डोळ्यांकडे नेऊन तयार ठेवले.

गौडा ओसरीवरून उठला. चालत दारापाशी आला. कडीला हात लावला.

"अम्मा, उघड गं दार!" मागून एक बाप्या ओरडला. आणि मग सगळेच. "अम्मा, दार उघड! अम्मा! अम्मा!" तीन हजार माणसं एका सुरात आपल्या आईला हाक मारत होती, आणि रुद्राणीच्या डोळ्यांत पाणी भरून आलं. येणारच होतं. कडीवर हात तसाच, आणि समोरचं सगळं धूसर झालं.

तेवढ्यात खालून पेटी सुरू झाली.

राजेसाब मास्तरांची बोटं! लोकांनी मागितलं आणि बोटांनी दिलं. त्या सिनेमातल्या गाण्याचा पहिला सूर, तोच, कॅसेटवाल्यांनी सकाळपासून किटवलेला. सूर ओळखला आणि तंबू वेडा झाला. शिट्ट्या, टोप्या हवेत, पुढच्या बायका रडायलाही लागल्या. विंगेत दुंडप्पाने आनंदाने मेहुण्याला मिठी मारली. पेटीने सूर दिला म्हणजे आता अक्काला गावंच लागणार. चाळीस वर्षांत या स्टेजवर कुणी दिलेला सूर टाकला नव्हता. मास्तरांच्या मात्र आपण काय केलं ते ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा पडला, पण बोटं थांबेनात.

रुद्राणी गप्प उभी राहिली. सिनेमाने तिला बाकी काही शिकवलं असो नसो, काहीही न करता उभं राहायला शिकवलं होतं. तिने पापणी हलवली नाही. डोळ्यांतलं पाणी होतं तिथेच थांबलं, खाली आलं नाही. सुराची एक ओळ गेली, दुसरी गेली. मग तिने कडीवरचा हात काढला, हळूहळू मान वळवली, आणि घसा साफ केला.

"कोण रे तो?"

आवाज चढवलेला नव्हता. पण टांगलेल्या माइकने तो कनातीपाशी उभ्या माणसापर्यंत नेऊन पोचवला.

"माझ्या दारात पेटी कोण वाजवतंय? लग्न आहे का इथं कुणाचं?"

मास्तरांची बोटं पट्ट्यांवरून अशी उचलली गेली, जशी तव्याला लागली असावीत. भात्यातली उरलेली हवा निघून गेली. मास्तर खाली मान घालून बसले आणि नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की त्या क्षणी मला अक्का दिसलीच नाही, माझ्या गावचा गौडा दिसला, ज्याच्या वाड्यासमोरून आम्ही चपला हातात घेऊन जायचो.

पण गौडाचं अजून संपलं नव्हतं. तो दोन पावलं पुढे आला, आणि त्याने तंबूकडे बघितलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, सावकाश.

"आणि ही एवढी माणसं माझ्या अंगणात कशाला जमलीत? पिकं काढून झाली का सगळ्यांची? घरात चुली नाहीत?"

हे नाटकात लिहिलेलं नव्हतं. दुंडप्पाच्या वडिलांनी स्वप्नातही लिहिलं नसतं. कुणीही हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने तोंडातली विडी काढून पायाखाली विझवली. दुसरा खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता, त्याने पाय खाली सोडले. घटकाभरापूर्वी जे जत्रेला आले होते, ते आता गौडाच्या अंगणात न विचारता घुसलेले होते. रुद्राणीला ते दिसत होतं. मिशीखाली हसू यायला लागलं, ते तिने दातांखाली धरलं.

वीणा पुढचं वाक्य विसरली होती. विसरली म्हणजे काय, तिला खरोखर भीती वाटत होती. तिने बाळ छातीशी घट्ट धरलं आणि पुन्हा एकदा नुसतंच म्हणाली, "अप्पा..."

"या घरात मुलगी नाही," गौडा म्हणाला. "होती. वारली."

आणि तो वळला.

 मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. मध्यम वयाची, कडेवर स्वतःचं पोर. तिने हात जोडले.

"गौडसाहेब," ती म्हणाली, "लेकरू आहे हो तिच्या कडेवर. दार उघडा."

अम्मा नव्हे. गौडसाहेब. रुद्राणीचं पाऊल जागच्या जागी थांबलं, पण तिने मान वळवली नाही. कुणा बाईने हात जोडले म्हणून मान वळवेल तो गौडा कसला?

"गौडसाहेब, पाया पडतो!" आणखी एक आवाज. "पोरीची जात आहे, माफ करा तिला!" "तुमचंच रक्त आहे की हो!" "गौडसाहेब, देवीच्या जत्रेत तरी!" विनवण्या चारही बाजूंनी यायला लागल्या. विंगेत दुंडप्पाने मेहुण्याला कधीच सोडलं होतं. पैज आपण हरत चाललोय, महिनाभराची गर्दी हातची जातेय, याचं त्याला भानच उरलं नव्हतं. तो गळ्यातला टॉवेल दोन्ही हातांनी धरून हळूच पुटपुटत होता, "उघडा की हो, गौडसाहेब, एकदाच."

गौडा ओसरीवर जाऊन बसला. पटका मागे सारला, हात धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले.

"ताट वाढा," तो आत बघून म्हणाला.

आणि मग तंबू फुटला.

"ए गौड्या!" कनातीपाशी उभा असलेला एक म्हातारा काठी वर करून ओरडला. "पोरगी दारात उभी आणि तू जेवायला बसतोस? वाटोळं होईल तुझं!" "मेल्या, घास उतरतो कसा रे तुला?" "गौड्या, दार उघड! उघड म्हणतो ना!" सकाळी जिने गाल हातात धरले होते ती म्हातारीही आता उभी राहून दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडत होती. "तुझ्या मढ्यावर कुणी पाणी घालणार नाही, भाड्या! दार उघड!"

अम्माचं नाव तीन हजारांतल्या एकाच्याही तोंडात उरलं नव्हतं.

ताट आलं. ज्वारीची भाकरी सकाळची होती, वाळून कडक झालेली, बाजूला शेंगांची चटणी. शिव्यांचा पाऊस डोक्यावर कोसळत असताना रुद्राणी इळकलने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि सावकाश चावायला लागली. इतकी गोड भाकरी तिने उभ्या जन्मात खाल्ली नव्हती.